जाम झालेला बोल्ट आणि जयणा

चातुर्मास सरला की जिन्याखाली विसावलेली सायकल बाहेर काढली जाते. एवढ्या काळात मुलाची उंची वाढलेली असते; सीट वर घ्यावी म्हटले, तर तिचा दांडा जागचा हलत नाही. मग हातोडी येते, ताकद लागते, बोल्टचे डोके झिजते आणि एरवी धडधाकट असलेली सायकल भंगारात निघते. अपरिग्रहाचा संस्कार जपणाऱ्या घराला ही नासाडी शोभणारी नाही.

भाग जाम का होतो, हे आधी समजून घ्यावे. पावसाळी ओलाव्याने लोखंड गंजते आणि गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांतील बारीक फट भरून जाते. लोखंडी चौकटीत ॲल्युमिनियमचा दांडा असेल, तर दोन भिन्न धातूंच्या संपर्कामुळे ओलाव्यात ॲल्युमिनियम लवकर झिजते आणि त्याची पांढरी भुकटी दांडा जखडून टाकते.

कामाचा आरंभ निरीक्षणाने व्हावा. चौकटीच्या पोकळ नळ्यांत मुंग्या, कोळी किंवा कुंभारीण माशीचे घर असू शकते. तेल अथवा गरम पाणी ओतण्यापूर्वी विजेरीने पाहून घ्यावे. जीव आढळले, तर ते आपणहून निघून जाईपर्यंत काम थांबवावे. जयणा म्हणतात ती हीच.

त्यानंतर सांध्यावर गंज सोडवणारे पातळ तेल सोडून रात्रभर ठेवावे. हार्डवेअरच्या दुकानात ते मिळते. तेल लावलेल्या भागाजवळ ज्योत नेऊ नये. सकाळी बोल्टवर हलके ठोके द्यावेत, म्हणजे तेल आत उतरते. पाना नेमक्या मापाचा, शक्यतो रिंग पाना घ्यावा. सैल स्क्रू पान्याने नटाचे कोपरे झिजतात. बोल्ट आधी किंचित आवळावा, मग सोडावा. सीटचा दांडा मात्र ओढून निघत नाही. त्याचा बोल्ट पूर्ण सैल करून सीट धरून दोन्ही बाजूंना फिरवावी.

ॲल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणून दांडा ॲल्युमिनियमचा व चौकट लोखंडाची असल्यास दांड्यावर बर्फ धरावा. तो आकसून सुटू शकतो. उलट चौकट ॲल्युमिनियमची व दांडा लोखंडी असल्यास चौकटीवर बाहेरून गरम पाणी सोडावे. कार्बन फायबरच्या चौकटीवर हे प्रयोग करू नयेत. ते काम जाणकारावर सोपवावे.

पायडलाच्या बाबतीत बळापेक्षा दिशा महत्त्वाची. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. चालवताना ते आपोआप सैल होऊ नयेत, म्हणून अशी योजना असते. त्या त्या बाजूला उभे राहून पाहिल्यास उजवे पायडल घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवल्याने सुटते, तर डावे काट्याच्या दिशेने. हे ठाऊक नसणारा माणूस डावे पायडल प्रत्येक प्रयत्नागणिक अधिकच आवळत जातो.

जुन्या काळ्या सायकलींत क्रँक कॉटर पिनने धरलेला असतो. तिचा नट पूर्ण काढून ठोकल्यास पिनचे आटे चेपतात. नट पिनच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंत सैल करावा, क्रँकखाली भक्कम लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा आणि मगच एक सरळ घाव घालावा. एवढे करूनही भाग सुटला नाही किंवा बोल्टचे डोके गोल होऊ लागले, तर तिथेच थांबून दुरुस्तीवाल्याकडे जावे. क्रोधाने मारलेला एक घाव रात्रभराचा धीर वाया घालवतो.

भाग सुटल्यावर गंज खरवडून, पुसून आणि ग्रीस लावूनच तो पुन्हा बसवावा. लिथियम ग्रीसमधील साबण बहुतेकदा एरंडेलापासून बनलेल्या आम्लाचा असतो. काही ग्रीसांत मात्र प्राणिज चरबीचा अंश असू शकतो. म्हणून खरेदीपूर्वी उत्पादकाकडे चौकशी करावी. सीट वर घेताना दांड्यावरील मर्यादेची खूण चौकटीबाहेर दिसू देऊ नये; दांडा तेवढा आत नसला, तर तो किंवा चौकट मोडून चालवणारा पडू शकतो.

पुढच्या पावसाळ्याआधी दांडा एकदा काढून पुसला, ग्रीस बदलले, की हातोडी शोधण्याची वेळ येत नाही. पेढीवर रोजच्या रोज हिशेब मिळवणाऱ्यांना ही शिस्त वेगळी शिकवावी लागू नये. प्रमाद टळला, की बळाचे काम उरतच नाही.