डोळ्यापेक्षा भिंग जड

आपल्या मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. वयही तोच सांगतो आणि चष्माही तोच. ‘दादासाहेबांना चाळिशी लागली’ असे म्हटले, की त्यांचा वाढदिवस झाला की ते वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचू लागले, हे ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे समजून घ्यावे. या सदराच्या वाचकांना माझी शब्द सोलत बसण्याची खोड ठाऊक आहेच. पण आज हा शब्द उगाच घेतलेला नाही. डोळ्याच्या बाहुलीमागे जे नैसर्गिक भिंग असते, ते तरुणपणी लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगते, दूरचे पाहताना चपटे होते, आणि हा सारा कारभार मालकाला न विचारता चालतो. चाळिशीच्या सुमाराला त्याचा लवचीकपणा सरत येतो. (माणसाचाही येतो, पण तो निराळा विषय.) पुढे साठी-सत्तरीत तेच भिंग गढूळ होते, तेव्हा आपण त्याला ‘मोतीबिंदू’ म्हणतो. इतक्या त्रासाच्या गोष्टीला इतके देखणे नाव ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

मोतीबिंदू काढतात म्हणजे हे गढूळ भिंग काढतात आणि त्याच्या जागी नवे बसवतात. कोणते बसवायचे, हा प्रश्न हल्ली मध्यमवर्गीय घरांत मुलीच्या स्थळाइतक्या गांभीर्याने चर्चिला जातो. आणि बहुधा तितक्याच भलत्या मुद्द्यांवर. दवाखान्यात एक छापील दरपत्रक पुढे येते. देशी, परदेशी, एका अंतराचे, दोन अंतरांचे, तीन अंतरांचे. दर काही हजारांपासून निघतात ते चढत चढत लाखाच्या घरात जातात, आणि तेही एका डोळ्याचे. मग मुलगा, सून, जावई ते पत्रक वरून खाली वाचण्याऐवजी खालून वर वाचू लागतात. “आईच्या डोळ्यापुढे पैसा काय?” हे वाक्य कोणीतरी म्हणतेच. वाक्य सोन्यासारखे आहे, यात शंका नाही. अडचण एवढीच, की ज्या आईच्या डोळ्यात ते भिंग पुढली वीस-पंचवीस वर्षे राहायचे, ती बाजूच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसलेली असते आणि तिला कोणी काही विचारलेले नसते.

आमच्या इमारतीतल्या माईंच्या वेळी मी हे जवळून पाहिले. त्यांच्या चिरंजीवांनी, “सर, तुम्हीही चला, चार प्रश्न तुम्ही विचाराल,” म्हणून मला बरोबर घेतले होते. प्रश्न मात्र विचारले डॉक्टरांनीच. चिरंजीव पत्रकातल्या सर्वांत महागड्या भिंगावर बोट ठेवून बसलेले, डॉक्टरांनी त्यांच्याकडे न पाहता माईंना विचारले, “आजी, दिवसभर काय काय करता?”

माई क्षणभर गोंधळल्या. त्यांना वाटले, घरकामाचा हिशेब मागताहेत. मग म्हणाल्या, “काय करणार? सकाळी पोथी वाचते, वाती वळते, तांदूळ निवडून देते. संध्याकाळी गॅलरीत बसते.”

“सगळ्यांत जास्त अडते कशावाचून?”

“माणसांवाचून अडते हो. जिन्यात समोरून कोणी हसले तर कळत नाही कोण ते. परवा वरच्या मजल्यावरची मुलगी रुसली, आजी ओळख दाखवीत नाहीत म्हणून. दारात कोण आले ते आवाजावरून ओळखायचे. पोथीचे काय, चाळिशी लावून आणि दिवा जवळ घेऊन अजून थोडीफार वाचता येते.”

दहा मिनिटांच्या या संभाषणात भिंगाची निम्मी निवड झाली होती, आणि पत्रक अजून उलटलेही नव्हते.

याचे कारण त्या भिंगाच्या जातीतच आहे. साधे कृत्रिम भिंग फुगत नाही की चपटे होत नाही. ते जन्मतःच चाळिशीतले असते म्हणा ना! त्याची शक्ती एकाच अंतरासाठी ठरवावी लागते. दूरचे स्वच्छ दिसेल असे बसवले, तर वाचायला चष्मा लागतो. वाचायचे स्वच्छ दिसेल असे बसवले, तर रस्त्यावरच्या माणसांसाठी लागतो. चष्मा कशासाठी लागलेला चालेल, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर भिंग तयार करणाऱ्या कंपनीला ठाऊक नसते, पैसे भरणाऱ्या मुलाला तर नसतेच नसते.

चष्मा म्हणून ज्याला आपण आज नाक मुरडतो, त्याची जुनी तऱ्हा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रश्नसुद्धा चैनीचा वाटेल. भिंग बसवण्याची सोय नव्हती तेव्हा मोतीबिंदू काढलेल्या माणसाला दिवसचे दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणे निजवीत, आणि पुढे जन्मभर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. त्या चष्म्यातून प्रत्येक वस्तू पाव हिश्शाने मोठी आणि तितकीच जवळ दिसे. म्हातारी माणसे चहा कपात ओतायला जात आणि तो बशीबाहेर पडे. ते दृष्टी गेल्यामुळे नव्हे, आलेल्या दृष्टीमुळे.

यातून सुटका झाली ती एका लढाईच्या निमित्ताने. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या काचा फुटून त्यांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आले, की या काचा म्हणजे ‘पर्स्पेक्स’ नावाचे प्लास्टिक आहे आणि त्याचे कण डोळ्यात राहिले तरी डोळा चिडत नाही. त्याच पदार्थाचे भिंग घडवून त्यांनी 1949 साली सेंट थॉमस रुग्णालयात एका बाईंच्या डोळ्यात बसवले. बसले छान, पण शक्तीचे गणित इतके हुकले, की बाईंना प्रचंड मोठा उणे नंबर आला. समव्यावसायिकांनी रिडलींना वर्षानुवर्षे वेड्यात काढले. सरदारकी मिळायला 2000 साल उजाडले. दरम्यान त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच शोधाची भिंगे बसली होती.

ही गोष्ट मी केवळ रंजनासाठी सांगत नाही. रिडलींचे जे हुकले, ते आजही हुकू शकते. नव्या भिंगाची शक्ती ठरते ती डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजून. लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो. तेव्हा भिंगाच्या नावापेक्षा हे माप कोण, कशाने आणि किती वेळा घेतो याची चौकशी अधिक मोलाची. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर माप घेण्याआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस ती काढून ठेवली पाहिजे, कारण तिच्या दाबाने बुबुळाची गोलाई बदललेली असते. शिंपी कितीही नामांकित असो, माप चुकले की कोट गेला.

आणि नावाचेच म्हणाल, तर ‘परदेशी’ या शब्दाने भुलून जाण्याचे दिवस आता गेले आहेत. मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. संधिवाताने ज्यांची बोटे वाकडी झाली होती, अशा या गृहस्थाने त्या बोटांनी हजारो डोळे उघडले. बाहेरून येणारे भिंग गरिबाला परवडेना, तेव्हा त्याच संस्थेने 1992 मध्ये ‘ऑरोलॅब’ हा आपला कारखाना घातला आणि परदेशी भिंगाच्या किमतीच्या लहानशा अंशात भिंगे बनवली. आज ती कितीतरी देशांत जातात. म्हणजे आपण ज्याला ‘परदेशी’ म्हणून मान देतो, तसा मान परदेशात कोणी आपल्या भिंगालाही देत असेल!

आता त्या महागड्या भिंगाकडे वळू. त्याच्यावर वर्तुळे कोरलेली असतात. येणारा उजेड ती वाटून घेतात: काही दूरच्या दृश्यासाठी, काही जवळच्या, तीन अंतरांचे असेल तर काही मधल्या. त्यामुळे पुष्कळांचा चष्मा सुटतो, हे अगदी खरे. ज्यांना सुटला ते लोक त्याची तारीफ करताना थकत नाहीत, आणि करावीच. पण वाटणी आली की प्रत्येकाचा वाटा लहान होतो, हा भाऊबंदकीचा नियम इथेही लागू आहे. अंधुक उजेडात, फिक्या रंगांत, स्पष्टपणा थोडा उणावतो. रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. दिवाळीत आकाशकंदिलाभोवती आणखी एक कंदील दिसला तर बिघडत नाही. परंतु रात्री घाटातून मोटार हाकणाऱ्याला समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसणे ही गंमत नव्हे. काही आठवड्यांनी-महिन्यांनी मेंदूला त्याची सवय होते. बहुतेकांच्या होते, सर्वांच्याच होते असे नाही. शिवाय ज्यांच्या डोळ्याचा पडदा मधुमेहाने किंवा वयाने दुखावला आहे, ज्यांना काचबिंदू आहे, त्यांच्यापाशी मुळातच उजेडाची शिल्लक कमी. त्यांनी वाटणीच्या फंदात बहुधा न पडलेलेच बरे. माईंच्या पडद्यावर साखरेचे डाग होते. सर्वांत महाग भिंग त्यांना सर्वांत वाईट ठरले असते. मुलाच्या प्रेमात उणे काही नव्हते. ते प्रेम दरपत्रकावर बोट ठेवून बसले होते इतकेच.

मधला मार्गही निघाला आहे. दूरपासून संगणकाच्या पडद्याच्या अंतरापर्यंत बरे दाखवणारी भिंगे अलीकडे मिळतात. त्यांत वलयांचा त्रास पुष्कळांना कमी होतो; बारीक टाइप वाचायला मात्र चाळिशी लागते. काहींच्या एका डोळ्यात दूरचे आणि दुसऱ्यात जवळचे भिंग बसवतात. ऐकायला विचित्र, पण कित्येकांना छान मानवते. शहाणे डॉक्टर आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून त्याची रंगीत तालीम करून पाहतात.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट या पत्रकात नसते. लहानपणापासून ज्यांना मोठा उणे नंबर आहे, अशा वाचकांची ती गोष्ट आहे. ही मंडळी (माझ्या व्यवसायात त्यांचा भरणा फार) चष्मा काढून पुस्तक नाकाशी धरून वाचतात. रात्री अंथरुणात, चष्मा उशाशी, पुस्तक चेहऱ्यावर, हे त्यांचे सुख. भोवतालचे जग धूसर आणि पान तेवढे लख्ख! अशा एका निवृत्त प्राध्यापकांच्या दोन्ही डोळ्यांत दूरचे भिंग बसले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पन्नास वर्षांत प्रथमच चष्म्याविना टेकडीवरचे झाड दिसले. घरचे पेढे वाटायला निघाले, आणि सर मात्र हरवल्यासारखे. “झाड दिसते हो,” ते मला म्हणाले, “पण झाड मला वाचायचे नव्हते.” चष्म्याशिवाय त्यांना आता स्वतःच्या हस्ताक्षरातली ओळही लागत नव्हती. ही शस्त्रक्रियेतली चूक नव्हे. त्यांनी सांगितले नाही, समोरच्याने विचारले नाही. साधारण अडीचचा उणे नंबर मुद्दाम शिल्लक ठेवला असता, तर चाळीस सेंटीमीटरवरचे पुस्तक त्यांना पूर्वीसारखेच उघड्या डोळ्यांनी वाचता आले असते आणि फिरायला जाताना तेवढा चष्मा लागला असता. एकदा बसलेले भिंग बदलता येत नाही असे नाही, पण ती दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड आणि जोखमीची. हौसेने कोणी तिच्या वाटेला जात नाही.

ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर मोठा आहे, त्यांनी त्यासाठी मिळणाऱ्या खास भिंगाला जादा पैसे द्यावेत. तो पैसा कारणी लागतो, असे माझे मत आहे. ते अचूक कोनात बसावे लागते. तीस अंश फिरले की फायदा जवळजवळ संपला, म्हणून हात कसलेला हवा. विम्याच्या कागदात मोतीबिंदूसाठी रकमेची मर्यादा घातलेली आहे का, ते दाखल होण्यापूर्वी वाचावे. नंतर वाचण्यात काव्य नाही. आणि ‘मोती पिकू द्या’ हा आजोबांच्या काळचा सल्ला आता विसरावा. फार पिकलेले भिंग टणक होते आणि काढायला कठीण जाते. रोजचे काम अडू लागले, की वेळ झाली. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले, की लोक ‘मोती परत आला’ म्हणून घाबरतात. तो परत येत नाही. भिंगामागचा पातळ पापुद्रा धुरकटतो आणि लेसरने काही मिनिटांत तो मोकळा होतो.

माईंना साधे, एकाच अंतराचे, दूरचे भिंग बसले. चिरंजीव जरा खट्टू झाले. इतक्या कमी पैशांत आईचे काम झाले याचे त्यांना वाईट वाटत होते. “अगं, चष्मा सुटला असता तुझा,” ते म्हणाले. माई म्हणाल्या, “तीस वर्षे नाकावर आहे तो. काढला तर मला माझे नाक सापडायचे नाही.”

पट्टी निघाल्यावर चार दिवस त्यांनी घरातल्या जळमटांवरून सुनेला भंडावले. मग जिन्यात खुर्ची टाकून बसू लागल्या. दवाखान्यातून मिळालेले कार्ड, ज्यावर भिंगाचे नाव, शक्ती आणि क्रमांक यांची चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यांनी पोथीत जपून ठेवले आहे. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ते लागते. तो डोळा मार्गशीर्षात करायचा ठरला आहे, आणि त्यात जवळचे भिंग बसवता येईल का, हे या खेपेस त्या स्वतःच डॉक्टरांना विचारणार आहेत.