खोक्यात राहिलेली पुडी

गेल्या महिन्यात कल्याणला एका नव्या फ्लॅटमध्ये रोलर ब्लाइंडचं काम पाहायला गेलो होतो. काम देखणं होतं. दोन्ही ब्रॅकेट पाणसळीत, कापड दोन्ही कडांना सारखं, लिंटेलच्या काँक्रीटमध्ये ड्रिल मारूनही प्लास्टरचा टवका कुठे उडालेला नाही. कारागिराचा हात चांगला होता. निघताना कोपऱ्यातल्या तीन रिकाम्या खोक्यांकडे लक्ष गेलं. प्रत्येकात प्लास्टिकची एक छोटी पुडी तशीच पडलेली: चेन टेन्शनर आणि त्याचे दोन स्क्रू. खिडकीला लागून पलंग होता, पलंगावर दीडेक वर्षाची मुलगी खेळत होती आणि चेनचा फास गादीपर्यंत लोंबत होता.

कारागिराला विचारलं. "साहेब, ते कुणीच लावत नाही. गिऱ्हाईकही मागत नाही," तो म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मीही उमेदवारीच्या काळात कितीतरी चेनी अशाच मोकळ्या सोडून आलो आहे. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मापायची, चौकटीच्या आत बसवायचं असेल तर त्यातला सर्वांत कमी आकडा धरायचा, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. त्या पुडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि श्वासनलिका मऊ. फास मानेत अडकून तोल गेला, तर त्याला स्वतःला सोडवून घेता येत नाही, ओरडताही येत नाही. शेजारच्या खोलीतल्या आईला काहीच ऐकू येत नाही. हे सगळं काही मिनिटांत संपतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या हिशेबाने तिथे पाच वर्षांखालची सरासरी नऊ मुलं दरवर्षी अशी दगावतात. म्हणून तिथल्या मानकाने 2018 च्या डिसेंबरपासून दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंडमधून लोंबत्या दोऱ्या काढायला लावल्या आणि 2024 च्या जूनपासून मापाने बनवलेल्या मालालाही तशीच कडक अट आली. युरोपच्या 2014 च्या सुधारित मानकाप्रमाणे फास जमिनीपासून किमान दीड मीटर उंच राहिला पाहिजे.

हा दीड मीटर आपल्या कामात उतरवणं अवघड नाही. ब्रॅकेट सात फुटांवर, म्हणजे साधारण 2.1 मीटरवर असेल, तर चेन ब्रॅकेटपासून 60 सेंटिमीटरपेक्षा खाली येता कामा नये. ऑर्डर लिहिताना कापडाच्या मापाशेजारी चेनचं मापही लिहा. नाहीतर कारखाना त्याच्या सवयीने लांब चेन पाठवतो. टेन्शनर गिट्टी ठोकून स्क्रूने भिंतीत बसवा. दोन बाजूंच्या चिकटपट्टीवर लावलेला पहिल्याच पावसाळ्यात सुटतो. चेन ताठ राहिली पाहिजे, पण क्लच अडेल इतकी खेचू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीत खालच्या ट्रॅकला भोक पाडू नका, तिथून पाणी आत येतं. रोमन आणि व्हेनिशियनला दोरी असेल तर उंचावर क्लीट लावा, आणि उरलेली दोरी रोज तिच्यावर गुंडाळायची असते हे घरातल्या सगळ्यांना करून दाखवा.

आपल्याकडे एक अडचण वेगळी आहे. जमिनीपासून दीड मीटर मोजून चेन बसवली, तरी मुंबई-ठाण्याच्या छोट्या खोल्यांत खिडकीखाली पलंग किंवा दिवाण असतोच. मूल त्यावर उभं राहिलं की ते सगळं मोजमाप फुकट जातं. तिथे टेन्शनरवरही भागवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांच्या खोलीत स्प्रिंगचा किंवा बॅटरीच्या मोटरचा बिनचेनचा ब्लाइंडच सुचवावा. तो महाग पडतो, गिऱ्हाईक कुरकुरतं. तरी कोटेशनमध्ये तो पहिल्या ओळीत असावा, आणि घरात लहान मूल आहे का, नातवंडं येतात का, हे माप घेतानाच विचारावं. कापडाचा रंग आपण चार-चार वेळा विचारतो.

दुकानदारांनाही सांगणं आहे. फिटरला नगावर पैसे मिळतात, दिवसाला जितक्या खिडक्या तितकी कमाई. टेन्शनरला दहा मिनिटं जास्त लागतात, ती त्याच्या मजुरीत धरा. मग पुडी खोक्यात राहणार नाही.

कल्याणच्या पुड्या आम्ही दोघांनी त्याच दुपारी फोडल्या आणि तिन्ही खिडक्यांचे टेन्शनर लावले. गेल्या दोन-तीन वर्षांत आपण काम केलेल्या घरांची यादी आपल्या प्रत्येकाच्या वहीत आहे. ज्या घरांत लहान मूल आहे, तिथे फोन करा, ड्रिल घेऊन जा आणि त्या फेरीचे पैसे लावू नका.