स्टॅनमोरच्या घरात साप

स्टॅनमोरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांना वाढदिवसाची भेट म्हणून साप हवा आहे. वर्गमित्राकडे एक आहे, दुकानात मिळतो, यजमानांची हरकत नाही. परंतु सांगलीकडून आलेल्या सासूबाईंनी ‘साप घरात आला की मी घराबाहेर’ असे निक्षून सांगितले आहे. दोघांत निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. तरी हा प्रश्न आज एका घराचा राहिलेला नाही, म्हणून चार शब्द.

सासूबाईंच्या भीतीला हसण्याचे कारण नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या मुलखात ज्यांचा जन्म गेला, त्यांना साप म्हणजे मृत्यू हेच शिकविले गेले. ही भीती घालवावी म्हणून नीलिमकुमार खैरे १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांसह ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. पुढे १९८६ साली त्यांच्याच प्रयत्नांतून कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. पण आमची भक्तीही सापाला सुखाची झाली नाही. नागपंचमीला आपण चिरत नाही, तळत नाही, जमीन खणत नाही, आणि गारुड्याच्या टोपलीतल्या उपाशी, दात काढलेल्या नागापुढे मात्र दुधाची वाटी धरतो. साप दूध पीत नाही. तहानेने व्याकूळ झाला तर समोर येईल ते पितो, इतकेच. सासूबाईंच्याच जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांच्या मिरवणुका थांबविण्यासाठी अखेर न्यायालयाला मध्ये पडावे लागले.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिथला रानातला साप घरी पाळता येत नाही, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडमध्ये विषारी सापासाठी १९७६ च्या कायद्याने कौन्सिलचा परवाना लागतो. बिनविषारी कॉर्न स्नेकला लागत नाही. नवशिक्याने घ्यावा तो हाच. मूळचा अमेरिकेचा, चार-पाच फुटांचा, स्वभावाने शांत. पण २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यानुसार सोळा वर्षांखालील मुलाला प्राणी विकता येत नाही. म्हणजे साप चिरंजीवांचा असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो आई-बापांचा! हा प्राणी पंधरा-वीस वर्षे जगतो. मुलगा विद्यापीठात जाईल, नोकरीला लागेल, लग्नही करील. तोवर सापाला जेवण कोण घालणार, हे भगिनींनी आजच विचारून घ्यावे.

जेवणाचा प्रश्न तर आमच्या घरांत फारच नाजूक. कॉर्न स्नेक उंदीरच खातो. त्याला शाकाहारी करता येत नाही. गोठविलेले उंदीर दुकानात मिळतात, ते फ्रीजरमध्ये ठेवून लागतील तसे काढायचे. ज्या फ्रीजरात खवलेला नारळ आणि पुरणपोळ्या, त्यातच उंदीर? आमचे मत स्पष्ट आहे: छोटा वेगळा फ्रीजर घेता येत नसेल, तर साप घेऊ नये. उंदीर सापासाठीच ठेवलेल्या भांड्यात पूर्ण वितळवून, किंचित ऊबदार करून चिमट्याने द्यावा. जिवंत उंदीर कधीही सोडू नये. उंदीर सापाला चावून जबर जखमी करतो. पिलाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला दहा-पंधरा दिवसांनी एकदा अन्न पुरते. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावू नये. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सापाच्या अंगावर सॅल्मोनेलाचे जंतू असू शकतात.

पेटी इतकी मोठी असावी की सापाला अंग सरळ ताणता यावे. एका टोकाला सुमारे तीस अंश ऊब, दुसरे टोक थंड, दोन्हीकडे लपायला जागा, पाण्याचे भांडे, आणि झाकणाला कुलूप. उष्णता देणाऱ्या साधनाला थर्मोस्टॅट हवाच. त्यावाचून साप भाजतो. एका पेटीत एकच साप.

आणि मग मनात येते ते जोडी जमविण्याचे. येथे आम्ही जरा हात आखडता घेऊ. मादी तीन वर्षांची आणि अंगाने भरलेली नसताना अंडी आली, तर ती अडकून मादी दगावू शकते. एका वेळी दहा ते वीस अंडी होतात. ती न उलटता, ओलसर ठेवून, सुमारे अठ्ठावीस अंशांत दोन महिने उबवावी लागतात. पिले बाहेर येतात, पहिली कात टाकतात, मग खायला लागतात. काही खातच नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र डबी हवी. पंधरा पिले घेणार कोण? धंदा म्हणून विकायची, तर कौन्सिलचा परवाना आला. रंगांच्या हौसेने माणसाने काय केले, ते ‘स्पायडर’ जातीच्या रॉयल पायथनमध्ये पाहावे: नक्षी सुंदर, पण मज्जासंस्थेच्या जन्मजात दोषाने मान डुगडुगते. नको झालेला साप स्टॅनमोर कॉमनवर सोडणे हा तर १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि परदेशी सापाला येथील हिवाळा बहुधा मारतोच.

तेव्हा भगिनींना आमचे सांगणे असे. एक साप, एकटा, आणि तोही घाई न करता. आधी त्या वर्गमित्राच्या घरी जाऊन साप जेवताना मुलाने एकदा पाहावे. सासूबाईंची इच्छा असेल तर त्यांनाही न्यावे. त्यांचा नकार तरीही कायम राहिला, तर घर त्यांचेही आहे हे मुलाने मानावे. होकार मिळाला, तर पेटी आधी आणून आठ दिवस रिकामीच चालवावी, आणि रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही टोकांचे तापमान चिरंजीवांनी वहीत लिहून ठेवावे. एक दिवस जरी गळला, तरी वाढदिवसाला सायकल घ्यावी.