मोबाईलच्या आधी घरात एक संगणक आणा



दहावीचा निकाल लागला की घरोघर एकच विषय निघतो: पोराला आता मोबाईल घ्यायचा. माझं म्हणणं असं, की साधारण तेवढ्याच पैशांत सगळ्या घरासाठी एक संगणक उभा राहतो, आणि तो आधी यायला हवा. हे मी नांदगावात बसून लिहितोय. मुंबई-गोवा महामार्गावरचं, देवगडकडे रस्ता फुटतो त्या तिठ्याचं आमचं गाव. "मोबाईल आसा मां, मगे कॉम्प्युटर कित्याक व्हयो?" असं इथे पालक विचारतातच. प्रश्न रास्त आहे, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. आधी ही भानगड मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती, आता आपल्या तालुक्यातल्या मुलांनाही अर्ज, कागदपत्रं, कॉलेजांचे पसंतीक्रम सगळं पडद्यावरच भरायचं आहे. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते, जेईई मेनही तशीच. वर्षभर वहीत गणितं सोडवलेलं मूल परीक्षा केंद्रावर जातं आणि पहिल्यांदा माउस हातात धरतं. त्याची पहिली दहा मिनिटं कशात जातात, हे आपण सगळे जाणतो.

आणि अर्जांचं म्हणाल तर मोबाईलवर तो भरता येतो, पण फोटो अमुक केबीच्या आत बसवणं, चार दाखल्यांची एक पीडीएफ करणं, चाळीस रकाने न चुकता वाचणं, हे बोटभर पडद्यावर करून बघा. शेवटी माणूस केंद्रावर जातो. केंद्रवाल्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्यामुळेच गावाची कामं होतात. पण आपल्या मुलाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात ईमेल कुणाचा टाकलाय, पासवर्ड कुणाच्या वहीत आहे, आधारची प्रत कुणाच्या संगणकात राहिली, हे किती पालक सांगू शकतील? अर्जात त्रुटी निघाली की सूचना त्या परक्या ईमेलवर जाते आणि मुदत निघून जाते. मला घरच्या संगणकाचं सगळ्यात मोठं कारण हेच वाटतं. बाकी कारणं नंतरची.

आता पैशांचं बघू. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. विंडोज ११ मात्र इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर मान्य करतं. त्यामुळे कंपन्यांची सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं बाजारात आली. यंत्र धडधाकट, फक्त निवृत्तीचं वय झालं म्हणून बाहेर! त्यातही डबा घ्यायचा तो छोटा: लेनोवोचा टायनी, डेलचा मायक्रो, एचपीचा मिनी. जाड पुस्तकाएवढा, किलो-सव्वा किलोचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असले डबे मिळतात, आणि आपल्यापैकी कुणाचा चाकरमानी मुंबईत नाही? गणपतीला येताना बॅगेत घालून आणता येईल इतकाच त्याचा पसारा आहे.

त्याला घेताना काय बघायचं ते मात्र लिहून द्या. प्रोसेसरच्या नावात आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो: आय५-६५००टी म्हणजे सहावी पिढी, शेवटचा टी म्हणजे कमी वीज खाणारा. सहावीच्या खाली जाऊ नका. मेमरी ८ जीबी आतच बसवलेली हवी, कारण मेमरी आणि एसएसडीचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढलेत आणि सुटी घ्यायला गेलात तर बजेट कोलमडेल. यंत्र दुकानातच चालू करून घ्यावं आणि सुरू होताना लेनोवोला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१० दाबून सेटिंगचं पान उघडतं का ते पाहावं. ऑफिसातून आलेल्या कित्येक डब्यांना तिथे जुन्या मालकाचा पासवर्ड असतो. तो मागितला तर डबा तिथेच ठेवून यावं. मागच्या बाजूला एचडीएमआयची खाच आहे का तेही पाहावं. पुष्कळ डब्यांना फक्त डिस्प्लेपोर्ट असतो, मग वेगळी वायर लागते. आणि बिल घ्यावं, हमी लेखी.

असा डबा सात ते दहा हजारांत, जुना एकोणीस-वीस इंची मॉनिटर दोन-तीन हजारांत, कीबोर्ड-माउस सहा-सातशेत. यूपीएस धरला तर पंधरा हजारांच्या आसपास बेरीज जाते. भाव हलते आहेत, हा अंदाज आहे. घरच्या टीव्हीला एचडीएमआय असेल तर सुरुवातीला मॉनिटरही नको. केबलचं इंटरनेट नसलं तरी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं की काम भागतं.

काही जण विचारतील, रास्पबेरी पाय का नाही? केंब्रिजच्या लोकांनी २०१२ मध्ये मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लागावी म्हणून काढलेला तो संगणक मला फार आवडतो. पण त्याचा वीजपुरवठा, कार्ड, खोका, वायर अशी भर घालत गेलं की किंमत या डब्याजवळच येते. सेन्सर जोडून प्रयोग करायचे असतील तर तो शाळेत घ्या. घरच्या रोजच्या कामाला ऑफिसचा डबा बरा.

चोरीचं विंडोज मात्र टाकून घेऊ नका. "साहेब, फुकटात टाकून देतो" असं म्हणणारे भेटतील. ज्या यंत्रावर आपण बँकेचं पान उघडणार, त्यावर अनोळखी माणसाने कुलूप फोडून दिलेली प्रणाली नको. लिनक्स मिंट किंवा उबुंटू घ्या, पैसे पडत नाहीत. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं मुलं लिनक्सवरच शिकताहेत, त्यांचं काही अडलेलं नाही. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, आवाज येतोय का, छपाई होतेय का ते तपासायचं आणि मग बसवायचं. एखादं जुनं प्रिंटर रुसतं, हे खरं. तेवढं सोसावं.

आणि हे बसवण्याचं काम दुकानदाराकडून करून आणू नका. मुलाला शेजारी बसवा, वायर काढा, झाकणाचा स्क्रू त्यालाच काढू द्या. मेमरीची पट्टी कुठली, एसएसडी कुठली, पंखा कशाला, हे त्याने बोटाने दाखवावं. उद्या पावसाळ्यात बीप वाजून पडदा काळा राहिला तर पट्टी काढून, तिचे सोनेरी दाते खोडरबराने हलकेच पुसून परत बसवायला तो घाबरणार नाही. आमच्या दमट हवेत हे घडतंच. म्हणूनच यंत्र पडवीत ठेवू नका, तिथे सरी आत मारतात. माजघरात ठेवा. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज अर्धा तास चालू ठेवा, आतला ओलावा उडतो. विजा चमकू लागल्या की प्लग भिंतीतून काढायचा. यूपीएस वीज गेल्यावर फाइल वाचवतो, आकाशातली वीज तो अडवत नाही. वीजबिलाची काळजी करणाऱ्यांसाठी: डबा आणि मॉनिटर मिळून चाळीस वॉटच्या आसपास, रोज चार तास चालवलं तर महिन्याला पाच युनिट.

माजघरात म्हणण्याला आणखी एक कारण आहे. मोबाईल पांघरुणात जातो, संगणक जात नाही. येता-जाता आजी बघते, आई बघते. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं करा, मुख्य पासवर्ड मोठ्यांकडे ठेवा. बचतगटाचा हिशेब लिब्रेऑफिसमध्ये येईल, आंब्याच्या पेट्यांची नोंद येईल.

माझ्या जिव्हाळ्याचा विषय मराठी टायपिंगचा, तो इथे काढल्याशिवाय राहवत नाही. बोलून लिहिणं आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणं मुलांना मोबाईलने शिकवलं. संगणकावर त्यांना इनस्क्रिप्ट शिकवा. १९९१ च्या भारतीय मानकातली ही मांडणी आपल्या वर्णमालेवर बेतलेली आहे. डाव्या हाताला स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. क च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ख, ग वर घ, त वर थ, प वर फ. म्हणजे अल्पप्राण-महाप्राणाचा पाठ बोटांत बसतो! ल वर शिफ्ट दाबलं की ळ. पाचवी-सहावीच्या मुलाला रोज पंधरा मिनिटं दिली तर महिन्या-दोन महिन्यांत न बघता लिहू लागतं, असा वर्गातला अनुभव आहे. त्याने निबंध लिहावा, खोडावा, परिच्छेद उचलून वर न्यावा. वहीत खाडाखोड नको म्हणून मुलं पहिलंच वाक्य कायम ठेवतात, इथे ती भीती नाही.

नेट नसेल तेव्हासाठी किविक्स नावाच्या प्रोग्रॅममधून मराठी विकिपीडिया उतरवून ठेवा, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफही.

शिक्षकांना एक सुचवतो. दिवाळीच्या सुट्टीआधीचा एखादा शनिवार यासाठी ठेवा. पालकांनी डबे घेऊन शाळेत यावं. आपण तीन-चार पेनड्राइव्हवर लिनक्स तयार ठेवावं, दोन स्क्रूड्रायव्हर, खोडरबर आणि सीआर २०३२ या क्रमांकाचे थोडे गोल सेल आणून ठेवावेत. जुन्या डब्यातला तो सेल संपलेला असला की घड्याळ मागच्या कुठल्या तरी सालात जातं आणि वेबसाइट उघडत नाहीत. लोकांना वाटतं यंत्रच बिघडलं. वीस-तीस रुपयांचा सेल बदलला की चालू.