खुबा बदलल्यावर खाट नव्हे, काठी

मा. संपादक,


खुबा बदलल्यावर तीन महिने खाट सोडू नये, हा आपल्या पुरवणीतील सल्ला धोक्याचा आहे. सर्जन जॉन चार्न्ली यांनी 1962 साली इंग्लंडमध्ये आजच्या पद्धतीचा पाया घातला, तेव्हा रुग्णालयातला मुक्काम आठवड्यांत मोजत. आता बहुतेकांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. पडून राहिल्यास पायाच्या शिरांत गुठळ्या होतात. एखादी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

त्याच लेखातले माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचे उदाहरणही गैरलागू. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात 2000 आणि 2001 साली बदलले ते त्यांचे गुडघे, खुबे नव्हेत.

दुखले म्हणजे सांधा निखळला, असेही नाही. जखम भरताना दुखतेच. निखळला तर एकाएकी असह्य कळ येते, पाय आखूड दिसतो, टेकवत नाही. तेव्हा, किंवा पोटरी सुजली, धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावे.

लालबाग-गिरगावच्या चाळींत जिने उभे, संडास गॅलरीच्या टोकाला. तिथली पडण्याची भीती रास्त, एवढे मान्य. त्यावर उपाय कमोडची खुर्ची आणि जिन्याचा सराव. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. काठी चांगल्या बाजूच्या हातात. उकिडवे बसणे, मांडी घालणे मात्र सर्जन सांगतील तोवर बंद. ‘उठू नकोस गं’ म्हणणारे नातेवाईक घरोघरी आहेतच. त्यांच्या हाती आपण छापील पुरावा दिलात.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, परळ