नावडत्या कामांचे वतन

संसारातील कलहाची कारणे शोधू लागले की पैसा, स्वभावांतील विसंगती, सासू-सुनेचे वैर अशा मोठ्या गोष्टींकडे बोट दाखविण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु ज्या घरांत प्राप्ती बेताची असली तरी पुरेशी आहे, जेथील माणसांचा एकमेकांवर मनापासून लोभ आहे आणि जेथे आवाज चढविणे असंस्कृतपणाचे लक्षण मानले जाते, अशा घरांतही रात्रीची जेवणे आटोपून ताटे उचलली गेली की जी एक दबलेली धुसफूस सुरू होते, तिचा उगम यांपैकी कोणत्याच कारणात सापडत नाही. तो सापडतो मोरीच्या जाळीत अडकलेल्या खरकट्यात, दूध लागलेल्या पातेल्यात, दोरीवरून काढून खुर्चीवर टाकलेल्या आणि तेथेच पडून राहिलेल्या कपड्यांच्या ढिगात. ही कारणे इतकी क्षुद्र वाटतात की त्यांवरून आपण भांडलो हे सांगण्याचीही माणसाला लाज वाटते, आणि म्हणूनच त्यांचा निवाडा कधी होत नाही. गृहशांतीचा विचार माझ्या मते येथूनच सुरू व्हावयास हवा.

घरातील सर्वच कामे सारखी नावडती नसतात. स्वयंपाक कष्टाचा आहे, रोजचा आहे, वैशाखात तर तो जीव काढणारा आहे. तरी पुरणपोळी चांगली साधली म्हणजे चार माणसे नाव काढतात आणि करणारीच्या श्रमाला निदान तेवढी दाद मिळते. तुळशीला पाणी घालणे, देवाची उपकरणी लखलखीत करणे, मंडईतून भाजी पारखून आणणे यांतही कित्येकांना गोडी वाटते. परंतु ते दूध लागलेले पातेले घ्या. त्याच्या बुडाशी बसलेला तपकिरी थर आधी पाणी घालून भिजत ठेवावा लागतो. रात्रभर भिजला की सकाळी त्याला आंबूस वास सुटतो. मग उलथन्याच्या कडेने तो खरवडावा, तारेच्या घासणीने पुन्हा पुन्हा रगडावा, नखांत गेलेला काळा कीट काढावा, आणि एवढे सगळे केल्यावर हाती येते ते काल सकाळी होते तसेच एक पातेले. ज्या कामाची फलश्रुती पूर्वस्थितीला परत येणे एवढीच असते, जे केले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही आणि न केले तर मात्र सर्वांच्या डोळ्यांत खुपते, ते माणसाला नकोसे व्हावे यात आश्चर्य नाही. मोरी घासणे, संडास धुणे, न्हाणीघराच्या जाळीतला केसांचा गुंता हाताने ओढून काढणे, फ्रीजच्या तळच्या कप्प्यात कुजलेली कोथिंबीर उपसणे, पंख्याच्या पात्यांवरची तेलकट धूळ पुसणे ही सारी याच वर्गातली.

यांचे रीतसर वाटप झालेले घर मी क्वचितच पाहिले आहे. एके दिवशी कोणीतरी, बहुधा नव्याने आलेल्या सुनेने किंवा थोरल्या मुलीने, दुसरे कोणी उठत नाही असे पाहून पदर खोचलेला असतो. दुसऱ्या दिवशीही तीच उठते. महिन्याभरात ती वहिवाट होते, वर्षभरात दस्तुर ठरतो, आणि पुढे ते काम तिच्या नावे वतनासारखे लागून जाते, इतके की ती चार दिवस माहेरी गेली आणि मोरी तुंबली, तर ती परत येईपर्यंत कोणी हात लावीत नाही. हे वतन पिढीजात चालते आणि बहुधा सासूकडून सुनेकडे उतरते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात, घरच्या माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा ८८ मिनिटे, असे आढळून आले. आणि ही ८८ मिनिटांची सरासरी सर्व पुरुषांची नव्हे, घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच आहे. २०१९ च्या सर्वेक्षणात असे पुरुष शंभरात सव्वीस होते, आणि स्त्रिया एक्क्याऐंशी.

मिनिटांच्या या हिशेबात आणखी एक ओझे धरलेलेच नाही, आणि माझ्या मते कलहाचे खरे मूळ त्यातच आहे. फिनेल संपत आले आहे, मोरीचे पाणी हळूहळू जाऊ लागले आहे, ओला कचरा आज दिला नाही तर उद्या घंटागाडी येणार नाही, पावसाळ्यापूर्वी डाळी-तांदळाचे डबे उन्हात घातले पाहिजेत, ही सारी नोंद घरात एकाच डोक्यात असते आणि बाकीचे या चिंतेतून कायमचे मुक्त असतात. कोणी सांगितले तर आनंदाने करणारे पुष्कळ पुरुष मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या चांगुलपणाविषयी मला शंका नाही. पण दरवेळी आठवण करून देण्याचा जाच जिच्या माथी उरतो, तिचा भार त्याने फारसा हलका होत नाही. सांगावे तर ती कटकटी ठरते आणि न सांगावे तर काम तिच्यावरच येते. या दोन्हींना कंटाळून ती शेवटी गप्प राहते, आणि घरातील इतर माणसे त्या मौनालाच शांतता समजून चालतात. एका माणसाने तक्रार गिळल्यामुळे जी शांतता मिळते ती त्या माणसाकडून वसूल केलेली असते. ती कधीतरी फुटते, आणि फुटते तेव्हा निमित्त एखादी उष्टी वाटी झाल्याने ऐकणाऱ्याला वाटते, एवढ्याशा वाटीवरून इतका संताप कशासाठी?

मध्यमवर्गाने यावर काढलेला तोडगा म्हणजे कामाला येणाऱ्या बाई. भांड्यांचे वेगळे, केरफरशीचे वेगळे, धुण्याचे वेगळे असे दर ठरतात, आणि त्यांच्या श्रमांवर लक्षावधी घरांतला सलोखा उभा आहे. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला, तो या श्रमांचे ऋण अंशतः मान्य करणारा होता. परंतु बाई गावी गेल्या की तिसऱ्याच दिवशी जुने भांडण जसेच्या तसे उभे राहते, कारण पैसे देऊन आपण काम दुसऱ्याकडे सोपविले होते, वाटपाचा प्रश्न सोडविला नव्हता. शिवाय संडासाचे काम बहुतेक घरी बाईंच्या ठरावात नसतेच; ते घरातच राहते आणि तेथेही सर्वांत गप्प माणसाकडे जाते. या विशिष्ट कामाची जी शिसारी आपण उपजत समजतो, तिच्यात जातिव्यवस्थेने शिकविलेला भाग फार मोठा आहे. मैला ही कोणा दुसऱ्याने उचलण्याची वस्तू आहे हा संस्कार शतकानुशतके रुजल्यावर, आपल्याच घरातील आपणच वापरलेली जागा धुणेही कमीपणाचे वाटू लागले.

या संदर्भात गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नमूद केलेला डरबनमधील प्रसंग प्रत्येक घरात वाचला जावा असा आहे. १८९८ च्या सुमारास त्यांच्या घरी त्यांचे कारकून राहत असत. खोल्यांना मोरी नसल्याने मूत्रपात्रे ठेवलेली असत, आणि ती स्वच्छ करण्याचे काम नोकरांकडे न देता पतिपत्नीच करीत. एक नवा कारकून आला. त्याचे आईवडील अस्पृश्य मानलेल्या जातीतले होते. त्याचे पात्र उचलणे कस्तुरबांना दुःसह झाले, आणि पतीने ते उचलणेही त्यांना सहन होईना. लाल झालेल्या डोळ्यांतून अश्रू ढाळीत, हातात पात्र घेऊन त्या जिना उतरू लागल्या. तत्त्वाच्या दृष्टीने गांधीजींची बाजू न्याय्य होती. अस्पृश्यतेला त्या घरात थारा नसावा हा त्यांचा आग्रह योग्यच होता. परंतु त्यांना तेवढ्याने समाधान नव्हते. पत्नीने ते काम हसतमुखाने करावे अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ती पुरी न झाल्याने संतापून त्यांनी कस्तुरबांना हाताला धरून दाराबाहेर काढण्यापर्यंत मजल नेली. परक्या मुलखात मी जाऊ कोठे, लाज धरा आणि दार लावा, अशा आशयाचे कस्तुरबांचे बोल त्यांना भानावर आणणारे ठरले. पुढे स्वतः गांधीजींनीच हा प्रसंग पश्चात्तापपूर्वक लिहून ठेवला.

मला यातून जे दिसते ते असे, की नावडते काम अंगावर घेण्यापेक्षाही ते आवडीने केल्याचे दाखविण्याची सक्ती माणसाला अधिक असह्य होते. आपल्या घरांत ही सक्ती राजरोस चालते. तोंड वाकडे करून करायचे असेल तर करूच नकोस, हे वाक्य मुलांना, सुनांना, कधी वृद्ध आईलाही ऐकविले जाते. मोरी घासताना प्रसन्न दिसण्याचे बंधन कोणावरही असू नये. काम नीट झाले की पुरे. ते करताना कपाळाला आठी पडली तर पडू द्यावी.

उलट दिशेचे उदाहरणही आपल्याच परंपरेत आहे. जनाबाईची कथा महाराष्ट्राने सातशे वर्षे जिव्हाळ्याने सांगितली. तीत विठ्ठल तिच्याबरोबर जात्याचा खुंटा धरतो, पाणी भरतो, शेणी वेचतो. तो तिला उपदेश करायला येत नाही, तिच्या कामाचा अर्धा भार उचलायला येतो. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून दाखवितात ते जाते आजही वारकरी भक्तिभावाने पाहतात. आमच्या पूर्वजांनी देवालाही दासीच्या कामात कमीपणा वाटू दिला नाही. पुढच्या काळात सेनापती बापटांनी पारनेरचे रस्ते स्वतः झाडले, आणि अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याचा हक्क मिळावा म्हणून उपोषण केले. या पुरुषांना वंदन करणाऱ्या घरांतील पुरुषांनी स्वतःच्या घरचा संडास धुण्याइतके तरी त्यांचे अनुयायी व्हावे.

हे व्यवहारात कसे उतरावे, याचे एक उदाहरण देतो. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबात नोकरी करणारे पतिपत्नी, महाविद्यालयात जाणारा मुलगा, शाळेतील मुलगी आणि सत्तरी उलटलेले आजोबा आहेत. एका रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलाशी बसून घरातील सर्व कामांची यादी केली आणि प्रत्येकाने आपल्याला सर्वांत नकोशा वाटणाऱ्या कामांवर खूण केली. तेव्हा कळले की सर्वांची नावड सारखी नाही. कपड्यांच्या घड्या घालणे आईला शिक्षेसारखे वाटे. आजोबा म्हणाले, ते मी बसल्या बसल्या करीन, मेथीही निवडीन, मला फक्त वेळेवर विचारा. मोरीचे गृहस्थांना काहीच वाटत नव्हते, इतक्या वर्षांत त्यांना कोणी विचारले नव्हते एवढेच. संडासावर मात्र पाचही खुणा पडल्या. ते काम महिन्या-महिन्याच्या पाळीने करावयाचे आणि पाळी कर्त्या माणसांपासून सुरू व्हावयाची, असे ठरले; ब्रश आणि ॲसिड संपले की आणण्याची जबाबदारीही पाळीवाल्याचीच, आणि त्याचे काम झाल्यावर दुसऱ्याने मागून जाऊन ते पुन्हा करावयाचे नाही, हाही ठराव झाला.

शेवटची अट पाळणे आईला सर्वांत जड गेले. ओल्या कचऱ्याची पाळी मुलाकडे असताना त्याने तो दोन दिवस दिला नाही. बादलीवर चिलटे घोंगावू लागली, स्वयंपाकघरात उभे राहवेना, तिचा हात तीनदा बादलीकडे गेला आणि तीनदा तिने तो मागे घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा नाक दाबून बादली घेऊन खाली गेला आणि वर येऊन ती धुऊन ठेवली. आईने त्या वेळी एक शब्दही काढला नाही, आणि मला वाटते त्या घरातील सर्वांत कठीण काम त्या दोन दिवसांत तिनेच केले. भांडणे अजूनही होतात. परंतु ती पाळीवरून होतात, एकमेकांच्या स्वभावावरून होत नाहीत, आणि यादीकडे पाहून मिटतात.

दिवसभर राबून, लोकलच्या गर्दीत चेंगरून आलेल्या पुरुषाकडून ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे, असे कोणी विचारील. त्याच लोकलच्या पुढच्या डब्यातून त्याची पत्नीही आलेली असते, आणि जी घरी राहते तिलाही दिवसभरात विसावा कोठे असतो? सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या एका अपिलात स्पष्ट नमूद केले की घरकामाचा भार पतिपत्नी दोघांनी सारखाच उचलला पाहिजे आणि तो केवळ स्त्रीनेच वाहावा ही अपेक्षा प्रतिगामी आहे. जे न्यायासनाला निकालपत्रात लिहावे लागले, ते जेवणाच्या टेबलाशी आपसांत ठरविता येण्यासारखे होते.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. येत्या रविवारी घरातील सर्व माणसांनी एकत्र बसावे, कामांची यादी करावी, नावडती कामे आधी वाटावीत, आणि पहिल्या महिन्याची मोरी व संडास घरातील कर्त्या पुरुषाने न सांगता आपल्या नावावर लिहून घ्यावा.