परभाषेची निवड

मराठी, हिंदी व इंग्रजी या भाषांशी परिचय झाला, की अनेक विद्यार्थ्यांना आणखी एखादी परभाषा शिकावीशी वाटते. मग स्पॅनिश घ्यावी की फ्रेंच, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर बहुधा देशांची संख्या मोजून दिले जाते. स्पॅनिश ही सुमारे वीस देशांची राजभाषा आहे. फ्रेंचला तो मान त्याहूनही अधिक देशांत आहे. परंतु अशी बेरीज करून भाषा निवडणे म्हणजे पाने मोजून पुस्तक निवडण्यासारखेच होय.

त्या भाषेत काय वाचावयाचे आहे, हे आधी ठरवावे. घोडबंदरच्या विद्यार्थ्यापुढे तर असे वाचन पडूनच आहे. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १७३७ साली सुरू झालेल्या मोहिमेत मराठ्यांनी घोडबंदरचा किल्ला जिंकला आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईही चिमाजी अप्पांना शरण आली. मधल्या दोनशे वर्षांत या खाडीकाठाविषयी पोर्तुगीजांनी पुष्कळ लिहून ठेवले. ते कागद गोव्यात व लिस्बनमध्ये जपलेले आहेत. आपल्याच गावाची हकिकत दुसऱ्याकडून वाचवून घ्यावी लागणे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी हे कागद वाचण्यात आयुष्य वेचले, म्हणूनच ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा ग्रंथ १९६७ साली मराठी वाचकांच्या हाती आला.

मग थेट पोर्तुगीजच का शिकू नये? अवश्य शिकावी, पण ती शिकविणारे शिक्षक महाराष्ट्रात थोडे. येथे स्पॅनिश उपयोगी पडते. पाव, बादली, पगार हे शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतले. स्पॅनिशमध्ये पावाला ‘पान’, बादलीला ‘बाल्दे’ आणि पैसे चुकते करण्याला ‘पागार’ म्हणतात! पाण्याला दोन्ही भाषांत ‘आग्वा’ हाच शब्द आहे. फ्रेंचही त्याच लॅटिनची कन्या. पण पाण्याला ती नुसते ‘ओ’ म्हणते, आणि तेवढ्या एका स्वरासाठी तीन अक्षरे लिहावयास लावते. स्पॅनिशचे लेखन पुष्कळसे उच्चारानुसार चालते, त्यामुळे देवनागरीची सवय असलेल्या मुलास ते सुसह्य वाटते.

फ्रेंचची बाजू दुबळी आहे, असे मात्र नाही. १६६६ साली सुरतेस आलेल्या तेव्हेनो या फ्रेंच प्रवाशाने शिवाजी महाराजांविषयी लिहिले आहे. पुद्दुचेरीच्या फ्रान्स्वा मार्तां यांच्या आठवणींत महाराजांच्या दक्षिण स्वारीची माहिती येते. शिवाय फ्रेंचचे शिक्षक महाराष्ट्रात पूर्वीपासून आहेत. शाळेत फ्रेंचचा चांगला शिक्षक असताना स्पॅनिशसाठी अडून बसणे हा हट्ट झाला. दोन्हींची सोय सारखीच असेल, तर घोडबंदरच्या मुलाने स्पॅनिश घ्यावी आणि तिचा पाया पक्का झाला, की पोर्तुगीज शब्दकोश हाती धरावा. जुने हस्ताक्षर लावण्याची मेहनत त्यानंतरची.